‘पाहिली’ म्हणायच्या आधी

विदा प्रोकिचला त्या शनिवारी उजाडल्यापासून एका जागी बसवत नव्हतं. ओट्यापासून दारापाशी, दारातून व्हॅनपाशी, व्हॅनपासून परत ओट्याशी, असं तिचं चाललं होतं. पाच नवी पोरं, तीन रायफली, एक खिळखिळी व्हॅन आणि एक बाप, एवढा पसारा तिला दुपारपर्यंत सुखरूप नेऊन आणायचा होता. पोरांची तिला फारशी काळजी नव्हती. पोरं सांगितलेलं ऐकतात. बापाचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता.

तिहोमिर प्रोकिच म्हणजे आमच्या गावातला बडा माणूस. पैशाने नव्हे, मानाने. कारखान्यात लेथवर उभा असायचा तेव्हा नुसत्या नजरेने केसभर फरक सांगायचा, असा त्याचा लौकिक. गावाबाहेरची दगडखाण बंद पडली तेव्हा तिथे नेमबाजीची रेंज करायची टूम त्यानेच काढली, मंडळ त्यानेच उभारलं, आणि तेव्हापासून गावातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातली पहिली गोळी त्याच्या शेजारी पालथं पडून झाडली आहे. विदानेसुद्धा. बायको गेल्यापासून त्याला दुसरं काही उरलं नव्हतं. घर झोपायला आणि खाण जगायला, अशी त्याने वाटणी करून टाकली होती.

पण गेले काही महिने म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं. त्याने पोस्टमनला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारली. दाढी केली तरी हनुवटीखाली पांढरा पट्टा राहायचा. आज सकाळी त्याने कॉफी ओतली ती निम्मी कपात आणि निम्मी टेबलावर.

“या भांड्याची चोच वाकडी झालीय,” तो म्हणाला.

चोच विदाच्या लहानपणापासून तशीच होती. “हो का,” एवढंच ती म्हणाली आणि फडकं घेऊन टेबल पुसलं.

डोळे गेलेत की डोकं, ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. तिने एक वाक्य मात्र तयार ठेवलं होतं. ‘बाबा, आज पोरं अगदी नवी आहेत, तुम्ही मागे बाकावर बसा, लाइन मी सांभाळते.’ साधं वाक्य. भांडी घासताना तिने ते चारदा मनात म्हणून पाहिलं होतं. पण तोंडापर्यंत आलं की माशाच्या काट्यासारखं अडकत होतं. या माणसाला त्याच्याच रेंजवर बाकावर बसवायचं म्हणजे जिवंतपणी पुरायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि नाही बसवलं तर? तो विचार ती पुरता होऊच देत नव्हती.

“कसला घोर लावून घेतलायस गं?” तिहोमिर म्हणाला. “सकाळपासून पिल्लं हरवलेल्या मांजरीसारखी घिरट्या घालतेस.”

“काही नाही. पोरं नवी आहेत ना.”

“पोरं नेहमीच नवी असतात. जुनी झाली की लग्नं करतात. चल, उशीर होतोय.”

आणि तो व्हॅनमध्ये पुढे जाऊन बसलासुद्धा.

शाळेच्या फाटकापाशी पोरं उभी होती. वुकान, खाटकाचा मुलगा, ज्याचं तोंड मिटलेलं त्याच्या आईनेही पाहिलं नव्हतं. दोन चुलत भाऊ, एकाला विचारल्याशिवाय दुसरा शिंकतही नसे. पेत्रा, उंच, घाबरट, आजीच्या आग्रहाखातर आलेली. आणि कोसाना. ही सगळ्यांत लहान, वरच्या डोंगरवस्तीतली, पहिल्या बसने एकटी खाली उतरलेली. हिवाळाभर तिने मंडळाच्या तळघरात छऱ्याच्या बंदुकीवर सराव केला होता. आज खरी गोळी झाडायला मिळणार म्हणून आईने दिलेली मक्याची भाकरी फडक्यात बांधून, केसांची घट्ट वेणी घालून ती आली होती. तिच्या शिक्षिकेने विदाला आधीच सांगून ठेवलं होतं, “पोरगी गुणी आहे, पण खेचर आहे. एकदा पाय रोवला की हलत नाही.”

“मावशी, आज एक गोळी मिळणार की दोन?” व्हॅनमध्ये चढताना तिने विचारलं.

“प्रत्येकाला पाच.”

“पाच!” कोसाना म्हणाली आणि मग वाटभर एक अक्षर बोलली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती आणि मधूनच उजव्या हाताचं बोट नकळत वाकवत होती.

खाणीत पोचल्यावर विदाने लाल निशाण चढवलं, फाटकाला आतून कडी घातली आणि पोरं मोजली. मग कडी पुन्हा ओढून पाहिली आणि पोरं पुन्हा मोजली. पाचच होती. सगळ्यांच्या कानांवर टोपणं आणि डोळ्यांवर चष्मे चढवले. पेत्राचा चष्मा सारखा घसरत होता, त्याला मागून रबर बांधलं. बाभळी फुलल्या होत्या, त्यांच्या वासाने आधीच तिचं डोकं दुखायला लागलं होतं. ते वाक्य अजून बोलायचं राहिलंच होतं.

तिहोमिर मात्र खाणीत पाऊल टाकताच दहा वर्षांनी तरुण झाला. पोरांना पांढऱ्या रेघेमागे ओळीत उभं करून तो समोर उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

“नळी कुठे?”

“टेकडीकडे!” पोरं ओरडली. तळघरात हे सगळं घोटून झालं होतं.

“कायम?”

“कायम!”

“आणि बोट?”

“बाहेर!”

“चापाच्या बाहेर रे वुकान. नाकाच्याही बाहेर काढलंस तर बरं.”

पोरं खिदळली. वुकानने बोट काढून पाटलोणीला पुसलं.

“नीट ऐका,” म्हातारा म्हणाला. “गोळीला आईबाप नसतात. एकदा सुटली की कुणाच्या हाकेला थांबत नाही. म्हणून आपणच आधी थांबायचं. आता सांगा, रिकाम्या बंदुकीला कोण भितं?”

“दोघं!”

ही आमच्याकडची जुनी म्हण आहे. रिकाम्या बंदुकीला दोघं भितात, जिच्या टोकासमोर आहे तो आणि जिच्या दस्त्यामागे आहे तो. एकाला ती रिकामी आहे हे माहीत नसतं म्हणून, आणि दुसऱ्याला माहीत असतं म्हणून. इतर लोक हे हसण्यावारी नेतात. तिहोमिरने त्याचा नियम केला होता. दोघं भितात ना, मग दोघांनी बघायचं. झाडून झालं की ज्याची बंदूक त्याने बोल्ट, म्हणजे मागची सरकती खीळ, उघडायचा, ती खाली ठेवायची आणि म्हणायचं, ‘रिकामी!’ मग शेजारच्याने वाकून चेंबरमध्ये, गोळी बसते त्या खोबणीत, डोळ्याने बघायचं आणि म्हणायचं, ‘पाहिली!’ तो दुसरा शब्द आल्याशिवाय कुणीही रेघेपलीकडे, नळीसमोर पाऊल टाकायचं नाही. इतक्या वर्षांत त्या खाणीत कुणाला ओरखडा उठला नव्हता, तो या दोन शब्दांमुळे.

“आणि न बघता कुणी ‘पाहिली’ म्हणालं तर?” चुलत भावांतल्या एकाने दुसऱ्याकडे बघत विचारलं.

“तर त्या दिवसापुरता तो बाकावर. मग मंत्री का असेना.”

“आणि आजोबा, तुम्हीच म्हणालात तर?” वुकान म्हणाला.

“मी कशाला म्हणेन रे गाढवा?”

आता सांगू, असं विदाने ठरवलं. कारण आता रिवाजाप्रमाणे नव्या पोरांसमोरची पहिली गोळी म्हातारा झाडणार होता. तो सतरंजीकडे निघाला तशी ती त्याच्या जवळ गेली.

“बाबा, आज पहिली मी झाडू का?”

“का? मी मेलो का?”

पोरं हसली. म्हातारा हसला. विदाही हसली, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून दुर्बिणीकडे परत आली. तिला स्वतःचा इतका राग आला की नखं तळहातात रुतली.

तिहोमिर कण्हत पालथा झाला. कोसाना सगळ्यांत जवळ होती, तिला त्याने शेजारी उभं केलं. “तू माझी दुसरी,” तो म्हणाला, म्हणजे शेजारून बघणारी. कोसानाने मान हलवली. गोळी सुटली. खाणीच्या भिंतींनी आवाज इकडून तिकडे फेकला. पेत्राने डोळे गच्च मिटून घेतले.

विदाने दुर्बिणीतून कागद पाहिला. मधला काळा गोल कोरा होता. तिने दुर्बीण हलवली. छिद्र होतं, पण कागदाच्या पार कोपऱ्यात, जिथे आकडेसुद्धा संपतात.

“किती गं?” म्हाताऱ्याने विचारलं.

पोरं तिच्याकडे बघत होती. “नऊ,” विदा म्हणाली.

“नऊ?” तो कुरकुरला. “अरे, दहा असायला हवी होती.”

विदा दुर्बिणीला डोळा लावूनच उभी राहिली. ते कोपऱ्यातलं छिद्र तिला सोडवत नव्हतं. मागे वुकानने नेहमीप्रमाणे नको तेव्हा तोंड उघडलं, “आजोबा, तुम्ही कधी रानडुक्कर मारलंय?” आणि म्हाताऱ्याने त्याला रानडुकराची गोष्ट सांगितली, त्यात डुक्कर झाडावर चढलं, पोरं पुन्हा खिदळली. मग तो गुडघा धरून उठला. बोल्ट उघडा होता, रायफल सतरंजीवर होती, नळी टेकडीकडे. सगळं जसं असायला हवं तसं.

“रिकामी!” तिहोमिर म्हणाला.

दुसरा शब्द आला नाही.

विदाने दुर्बिणीवरून मान वर केली. कोसाना रायफलीशी गुडघ्यांवर बसली होती, हात पाठीशी धरून, शिकवलं तसं, आणि चेंबरमध्ये बघत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“काय नाही?”

“रिकामी नाही. आत आहे.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पाहुणा बंदूक घेऊन घरात आला तर ती भरलेली आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याला अडाणी म्हणणं. आणि म्हाताऱ्या माणसाच्या बंदुकीत डोकावणं म्हणजे त्याच्या ताटात डोकावण्यासारखं. तिहोमिरचा नियम सगळ्यांसाठी होता, आणि सगळे पाळायचे. पण तिहोमिरच्या स्वतःच्या बंदुकीत वाकून बघितलेलं माणूस त्या खाणीत आजवर कुणाच्या पाहण्यात नव्हतं. त्याने ‘रिकामी’ म्हणायचं आणि शेजारच्याने ‘पाहिली’ म्हणायचं, जसं कुणी ‘कसे आहात’ म्हटल्यावर ‘बरा आहे’ म्हणतात.

“ए, आजोबांना खोटं पाडतेस?” वुकान म्हणाला.

“पोरी,” तिहोमिर म्हणाला, त्याचा आवाज अजून मऊ होता, “तुझ्या आईच्या लग्नाच्या आधीपासून मी ‘रिकामी’ म्हणतोय.”

“मला पिवळं दिसतंय,” कोसाना म्हणाली.

“ऊन पडलं असेल.”

“ऊन नाही. पिवळं आहे.”

“विदा!” म्हातारा ओरडला. आता आवाज मऊ नव्हता. मानेपर्यंत लाल झाला होता तो. “सांग हिला!”

विदा गेली. सतरंजीपाशी गुडघे टेकले, सगळ्यांकडे पाठ करून. चेंबरमध्ये काडतुसाची पितळी कड लखलखत होती. अंगठ्याने दाबून बसवलेलं, बोल्ट ढकलायचा तेवढा राहिलेला. ‘पाहिली’ आलं असतं तर सगळेजण कागद बघायला नळीसमोर गेले असते. परत आल्यावर वुकान याच सतरंजीवर पालथा होऊन रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायला शिकणार होता. आणि तिला लगेच हेही कळलं की हे दुसरं काडतूस का आलं. ती ‘नऊ’ म्हणाली म्हणून. म्हाताऱ्याला दहा काढायची होती, आणि रानडुकराच्या गोष्टीत तो काडतूस घातलेलं विसरला होता.

पुढचं तिने ठरवून केलं नाही. हातानेच केलं. नखाने ती कड उचकटली, काडतूस मुठीत घेतलं आणि मूठ मिटली.

“रिकामी आहे,” ती उठून म्हणाली. “चला.”

“पाहिली!” रेघेमागून चारी पोरं एकदम ओरडली.

विदाने वळून पाहिलं. ती पोरं जिथे उभी होती तिथून रायफलीचा दस्ता जेमतेम दिसत होता. चेंबर दिसायचा प्रश्नच नव्हता. पण विदामावशी म्हणाली म्हणजे झालं, त्यांनी शब्द फेकून दिला, आणि किती आनंदाने, किती सुरात. हिवाळाभर तिने जे शिकवलं होतं ते तिनेच एका श्वासात पुसून टाकलं होतं.

“बघितलंस?” तिहोमिर कोसानाला म्हणाला. तो आता हसत होता, मोठ्या मनाने माफ करणाऱ्या माणसासारखा. “डोळे तपासून घे हो पोरी. तुझ्या वयाला हे बरं नव्हे.”

कोसाना विदाच्या मुठीकडे बघत होती.

“म्हण ना गं,” वुकान वैतागून म्हणाला. “तुझ्यापायी सगळे खोळंबलेत.”

“म्हण ना,” पेत्रासुद्धा हळूच म्हणाली. “एकदा म्हणायला तुझं काय जातंय?”

“त्यांचं ऐक,” म्हातारा म्हणाला. “म्हण आणि झाडायला घे. पहिली तूच घे, जा.”

कोसानाने मुठीकडे पाहिलं, मग विदाच्या तोंडाकडे. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पाच गोळ्या समोर होत्या, आणि सगळं गाव ज्याचं ऐकतं तो माणूस समोर होता. खेचराचा रोवलेला पाय सुटत चाललेला विदाला स्पष्ट दिसला. पोरीचे ओठ हलले. ती म्हणणार होती. आत्ता म्हणणार होती.

“थांब!” विदा ओरडली. “म्हणू नकोस!”

आणि तिने मूठ उघडली.

पोरांनी माना पुढे काढल्या, वुकाननेसुद्धा. तळहातावर काडतूस होतं, घामाने ओलं झालेलं. तिहोमिर पुढे आला. त्याने ते उचललं, डोळ्यापाशी नेलं, दूर धरलं, पुन्हा जवळ नेलं, आणि शेवटी अंगठ्याने चाचपून पाहिलं.

“हे कुठे होतं?”

“चेंबरमध्ये.”

“खरं?”

“खरं, बाबा.”

त्याने काडतूस बोटांत फिरवलं. “मला आत काळं दिसलं,” मग तो म्हणाला. “मला आत काळंच दिसतं. भरलेली असली काय आणि रिकामी असली काय. हिवाळ्यापासून.”

डोळे होते तर. डोकं नव्हे. विदाला क्षणभर हायसं वाटलं, आणि पाठोपाठ त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

“मला का नाही सांगितलंत, बाबा?”

“काय सांगायचं? की रेंज बंद करा, म्हातारा आंधळा झालाय?” तो एकदम तिच्याकडे वळला. “आणि तू गं? हिवाळ्यापासून दर मंगळवारच्या सरावाला माझी दुसरी तू असतेस. मी ‘रिकामी’ म्हणतो, तू ‘पाहिली’ म्हणतेस. मला दिसत नव्हतं. तू काय बघत होतीस?”

विदाने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. आता त्यात अर्थ नव्हता.

“तुमच्या तोंडाकडे,” ती म्हणाली. “तुम्ही खूश आहात का, ते.”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. काडतूस त्याने डबीत परत ठेवायला घेतलं. दोनदा डबीच्या बाहेर ठेवलं, तिसऱ्यांदा आत पडलं. कुणीही मदत केली नाही. मग तो चालत मागे गेला आणि पोरांच्या बाकावर बसला, रांगेत पहिला, आजवर त्याने ज्या कुणाला तिथे बसवलं असेल तसा.

“ज्यांनी ज्यांनी ‘पाहिली’ म्हटलं,” विदा म्हणाली, आणि आपला आवाज इतका कोरडा निघतोय याचं तिलाच नवल वाटलं, “ते सगळे बाकावर. आजच्या दिवसापुरते.”

“पण तूच म्हणालीस की रिकामी आहे!” वुकान म्हणाला. “आम्ही काय केलं? आता तूच फिरलीस!”

“हो. मीच म्हणाले. म्हणून मीही बाकावर.”

“आँ?”

“बस जाऊन.”

चुलत भाऊ एकमेकांकडे बघत बसले. पेत्रा सगळ्यांत आधी बसली होती, तिला सुटल्यासारखं वाटत असावं. वुकान बसला तोही अर्धाच, एका बाजूला तोंड करून. विदाने तीनही रायफलींचे बोल्ट पाहिले, एकेका चेंबरमध्ये डोळा घालून, आणि त्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

लाइनवर एकटी कोसाना उरली होती. ती सतरंजीच्या कडेला उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक उजेड पसरत होता. हिशेब तिने आपल्या पद्धतीने केला होता.

“म्हणजे आता फक्त मी?” ती म्हणाली. “मी झाडू आता?”

हे विदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्यांना बाकावर बसवण्याच्या भरात ही गोष्ट तिने पुरती पाहिली नव्हती, आणि आता ती समोर उभी होती, चष्मा नीट करत.

“नाही, बाळ,” ती म्हणाली. “लाइन सांभाळायला मोठं माणूस लागतं. आजोबा आज बाद आहेत. मीही बाद आहे. आज कुणीच झाडायचं नाही.”

“मी बरोबर बघितलं ना?”

“हो.”

“मी खोटं नाही ना बोलले?”

“नाही बोललीस.”

“मग मला का नाही?”

विदाची नजर पेटीकडे गेली. एक गोळी. एकच तर. पोरीने ती कमावली होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, गावात कुणाला कळणार नव्हतं. किल्ली खिशात होती आणि हात खिशाकडे निघालाही होता. मग तिने बाकाकडे पाहिलं. चार पोरं तिच्याकडे डोळे लावून बसली होती, आता ही काय करते ते बघत. तिने हात मागे घेतला.

“चूक तुम्ही केली,” कोसाना म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “तुम्ही सगळ्यांनी केली. आणि गोळ्या माझ्या गेल्या.”

“हो. अन्याय झालाय तुझ्यावर. मला कळतंय.”

“तुला कळलेलं नकोय मला! मला झाडायचं होतं!” तिने डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला. “मग पुढच्या वेळी मीपण म्हणणार. सगळे म्हणतात तेव्हा मीपण ‘पाहिली’ म्हणणार. बघायलाच नाही जाणार.”

पोरीचं बोलणं खोटं नव्हतं. आमच्याकडे न बघता म्हणणाऱ्यांचं सगळं सुरळीत चालतं, आणि बघणारी पोरगी अशी रिकाम्या हाताने उभी राहते.

“म्हण की,” तिहोमिर बाकावरून म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कोसानाच्या दिशेने बघत होता, नेमका तिच्याकडे नव्हे, थोडा डावीकडे.

“खुशाल म्हण. तुला कोण अडवणार? मला आजवर कुणी अडवलं नाही. पण म्हणायच्या आधी एवढं ध्यानात ठेव पोरी, की त्या बंदुकीमागे माझ्यासारखा कुणीतरी असतो. सगळे मान देतात असा. आणि त्याला दिसत नसतं.”

कोसानाने नाक बाहीला पुसलं. ती दोन पावलं त्याच्याकडे गेली आणि थांबली.

“अजिबात नाही दिसत?”

“आकार दिसतो. वेणी दिसते. तोंड नाही दिसत. आता तू रडतेयस का, तेही मला सांगता येणार नाही.”

“मी रडत नाहीये,” कोसाना म्हणाली.

म्हातारा तसाच बसून राहिला, तोंड थोडं डावीकडे करून, वाट बघत.

“रडतेय ती, बाबा,” विदा म्हणाली.